जर्सी देशाची, पगार कुणाचा?

सोलापूरच्या एका वीस वर्षांच्या वाचक मुलीचं पत्र आलं आहे. ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत. ती अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या जवळ राहते. वडील टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत, आई घरी शिवणकाम करते. बी.ए.चं दुसरं वर्ष चालू आहे. शाळेपासून कबड्डी खेळायची. दोन वर्षांपूर्वी कॉलेजच्या रग्बी संघात मुली कमी पडल्या, सरांनी हिला उभं केलं आणि ही तिथंच रमली. एकदा नॅशनल खेळून आली. तिथं एक कोच म्हणाले, "तुझ्यात इंटरनॅशनल मटेरियल आहे." तेव्हापासून तिचं ठरलंय: प्रोफेशनल इंटरनॅशनल रग्बीपटू व्हायचं. शिक्षण थांबवायचं, दोन वर्षं बाहेरगावी राहून फक्त सराव करायचा, मग इंग्लंड-फ्रान्सचा क्लब. परदेशी क्लबात ट्रायल लावून देतो म्हणणारे एक गृहस्थही भेटलेत, त्यांना पैसे द्यावे लागतील. वडील म्हणतात, पोलीस भरतीची तयारी कर. भाऊ म्हणतो, "रग्बी म्हणजे काय बे? कोण बघतंय ते?" आत्याला पोरीच्या नाकाची काळजी. तिचा प्रश्न: "ताई, स्वप्न सोडू की घर?" आणि शेवटी ता.क.: मागच्या महिन्यात सामन्यात एकीचा गुडघा डोक्याला लागला. पुढचा हाफ खेळले, पण त्यातलं काहीच आठवत नाही. आठवडाभर डोकं दुखत होतं. "पण ते सोडा."

प्रिय मैत्रिणी,

ते नाही सोडणार.

चार पानांचं पत्र वाचत मी शेवटच्या दोन ओळींपाशी आले आणि तिथंच अडकले. म्हणून उत्तरही तिथूनच सुरू करते. स्वप्न, घर, पोलीस भरती हे सगळं आठ दिवस थांबू शकतं. डोकं थांबू शकत नाही.

खेळलेला हाफ आठवत नाही, याला "जरा गरगरलं" म्हणत नाहीत. याला कन्कशन म्हणतात, म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. रक्त येत नाही, टेंगूळही नसतं कधी कधी, एक्स-रेत काही दिसत नाही. म्हणून मैदानावर सगळे "काही नाही गं, तोंडावर पाणी मार" म्हणतात आणि खेळाडू उठून उभी राहते. तू उभी राहिलीस. वर खेळलीसही. त्या हाफमध्ये आणखी एक तसाच मार बसला असता तर काय झालं असतं, हे मी इथं लिहीत नाही, डॉक्टर सांगतील.

मी डॉक्टर नाही. पण या खेळाचा नियम मला ठाऊक आहे, आणि तो तुझ्या सरांनाही ठाऊक असायला हवा. वर्ल्ड रग्बी ही जागतिक संघटना हौशी संघांना एकच गोष्ट बजावते: नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढा, त्या दिवशी पुन्हा आत घेऊ नका. इंग्लंडमध्ये २०२३ साली सरकारनंच हौशी खेळांसाठी सूचना काढल्या. कन्कशननंतर किमान २१ दिवस सामना नाही, आणि अंगाला अंग भिडणारा सराव सुरू करण्याआधी सलग १४ दिवस कसलाही त्रास नसला पाहिजे. तुझं डोकं आठवडाभर दुखत होतं. त्या आठवड्यात तू टॅकलचा, म्हणजे चेंडू घेऊन पळणारीला धरून खाली पाडण्याचा, सराव केलास का? लिहिलं नाहीस, पण मला उत्तर माहीत आहे असं वाटतं.

स्टीव्ह थॉम्पसन हे नाव ऐकलं आहेस? २००३ साली इंग्लंडनं रग्बीचा विश्वचषक जिंकला, त्या संघाचा हूकर, म्हणजे पुढच्या फळीतला मधला खेळाडू. चाळिशीच्या सुरुवातीलाच त्याला डिमेन्शियाचं, म्हणजे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं. आपण विश्वचषक जिंकल्याचं आपल्याला आठवत नाही, असं त्यानं स्वतः जाहीरपणे सांगितलं. पुढं तो आणि त्याच्यासारखे बरेच माजी खेळाडू खेळाच्या संघटनांविरुद्ध कोर्टात गेले. त्यांना खेळताना मार बसत होते तेव्हा त्यांचीही भाषा तुझ्यासारखीच असणार. पण ते सोडा.

तुझ्या बाबांना एक गोष्ट विचारून बघ. मागावर ताण्याचा धागा तुटला तर ते काय करतात? माग थांबवतात. धागा जोडतात, मग पुन्हा चालू. मालक ओरडला तरी थांबवतात, कारण तसाच चालवला तर पुढचं सगळं कापड डागी निघतं. ही गोष्ट तुझ्या घरात रोज घडते, कोचकडून शिकायची गरज नाही.

या आठवड्यात मेंदूच्या डॉक्टरांना दाखव. सिव्हिलला गेलीस तरी चालेल, पण जा. सोबत त्या सामन्यात असलेली एक मैत्रीण ने, कारण काय झालं ते तुला आठवतच नाही, सांगणार कोण? सरांनाही सांग. "सर टीममधून काढतील" म्हणून तू गप्प बसलीस, हे न लिहिताही कळलं. खरंच काढतील, तीन-चार आठवड्यांसाठी. काढायलाच हवं. आणि पुन्हा कधी, तुला किंवा दुसऱ्या कुणाला, मार लागल्यावर उलटी झाली, डोकेदुखी वाढत गेली, झापड येऊ लागली, एकाचे दोन दिसले किंवा हातापायात जोर वाटेना, तर सामना कुठलाही असो, थेट दवाखाना.

यात एक गोष्ट तुझ्या कबड्डीचीही आहे, असा मला संशय येतो. कबड्डीत आपण घोट्यावर झेप घेतो, डोकं खाली आणि पुढं. चढाई करणारी तिथं मागं वळत असते, म्हणून निभावतं. रग्बीत समोरची पूर्ण वेगानं सरळ अंगावर येते. त्याच सवयीनं झेपावलीस तर डोकं नेमकं तिच्या गुडघ्यासमोर येतं. टॅकल करताना डोकं तिच्या शरीराच्या बाजूला किंवा मागं राहिलं पाहिजे, खांदा लागला पाहिजे आणि दोन्ही हातांनी मिठी बसली पाहिजे. डॉक्टरांनी परवानगी दिली की पहिले पंधरा दिवस सरांकडून फक्त एवढंच घासून घे, तेही चालण्याच्या वेगात. आणि आपल्याकडच्या काळ्या मातीच्या मैदानावर एप्रिल-मे महिन्यात टॅकलचा सराव नको. ती जमीन दगड होते. गवत मिळेल तिथं जा, नाहीतर त्या दोन महिन्यांत पळणं आणि पासिंगच कर.

आता स्वप्नाकडे वळू.

तू पत्रात "प्रोफेशनल इंटरनॅशनल" हे दोन शब्द सात वेळा लिहिलेस, आणि सातही वेळा कडक भाकरी आणि शेंगाचटणीसारखे जोडीनंच. माझं म्हणणं असं की ही जोडी मुळात नाहीच. इंटरनॅशनल म्हणजे देशाची जर्सी. प्रोफेशनल म्हणजे महिन्याचा पगार. जगातल्या बहुतेक रग्बीपटूंना या दोन गोष्टी एकाच दारातून मिळत नाहीत. कितीतरी जण फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पगार घेऊन आयुष्यभर खेळतात, देशाची जर्सी कधी अंगावर येत नाही. आणि कितीतरी जणी देशाकडून खेळून सोमवारी सकाळी कामावर हजर होतात.

हे काही कमीपणाचंही नाही. रग्बी युनियन, म्हणजे तू खेळतेस तो रग्बीचा प्रकार, अधिकृतपणे व्यावसायिक झाला ऑगस्ट १९९५ मध्ये. त्याआधी पैसे घेऊन खेळणं नियमातच बसत नव्हतं. मग कसोटी, म्हणजे दोन देशांमधले सामने, खेळणारे कोण होते? शेतकरी, डॉक्टर, मास्तर. आणि पोलीस! हे तुझ्या बाबांना मुद्दाम वाचून दाखव: १९९१ च्या सुमारास इंग्लंडच्या स्क्रमच्या (वाकून, एकमेकांना धरून समोरच्या संघाला ढकलणाऱ्या रचनेच्या) दुसऱ्या ओळीत खांद्याला खांदा लावून खेळणारे वेड डूली आणि पॉल ॲकफर्ड, दोघंही पोलीस खात्यात होते. डूली तर साधा कॉन्स्टेबल, आणि इंग्लंडकडून ५५ कसोटी खेळला.

"ते जुनं झालं, ताई" असं म्हणशील. मग आजचं सांगते. पंधरा जणींच्या रग्बीत महिलांना पूर्ण वेळ पगारी करार देण्याची सुरुवात इंग्लंडनं जानेवारी २०१९ मध्ये केली, २८ जणींपासून. म्हणजे तू माध्यमिक शाळेत असताना. २०२५ च्या २७ सप्टेंबरला लंडनच्या ट्विकनहॅम मैदानावर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना झाला, इंग्लंडनं कॅनडाला ३३-१३ हरवलं. मैदानात प्रेक्षक होते ८१,८८५. ("कोण बघतंय?" म्हणणाऱ्या तुझ्या भावाला हा आकडा दे. सोलापूरचं पार्क मैदान किती वेळा भरेल त्याचा हिशेब त्यालाच करू दे.) पण त्याच दिवसाची दुसरी बाजू बघ. हरलेला कॅनडाचा संघ, तेव्हाचा जगातला दुसऱ्या क्रमांकाचा संघ, त्याच्या तयारीचे पैसे पुरेनात म्हणून तिथल्या संघटनेनं लोकवर्गणी काढली होती. आपल्या गल्लीतल्या मंडळासारखी! विश्वचषकाच्या अंतिम फेरीत खेळणाऱ्या पोरींची ही गत, तर मग आपण कुठं आहोत ते शांतपणे बघायला हवं.

आपण इथं आहोत. भारताच्या महिलांनी पंधरा जणींच्या रग्बीत पहिलं पाऊल टाकलं २०१८ मध्ये. पहिला विजय मिळाला जून २०१९ मध्ये मनिलाला, सिंगापूरविरुद्ध, २१-१९. तोही ओडिशाच्या सुमित्रा नायकनं मारलेल्या पेनल्टीवर. २०२५ च्या जूनमध्ये मुंबईत पहिली रग्बी प्रीमियर लीग झाली, सहा संघांची, सात-सात जणांची. पण ती पुरुषांची. म्हणजे देशाची जर्सी तुला जे देईल ते मोठं आहे: कॅम्प, परदेश प्रवास, छातीवर तिरंगा. घरभाडं मात्र तिच्यातून निघेल असं धरून चालू नकोस.

आणि देश तुझ्यासाठी भारतच. दुसऱ्या देशाकडून खेळायचं तर तिथं जन्म हवा, आईवडील किंवा आजीआजोबांपैकी कुणीतरी तिथं जन्मलेलं हवं, नाहीतर सलग ६० महिने फक्त तिथल्याच रग्बी संघटनेकडं नोंदणी हवी, किंवा एकूण दहा वर्षं तिथं वास्तव्य हवं. यात एक फायदा लपलेला आहे, तो तुझ्या लक्षात आला नसावा. कबड्डीत भारताच्या संघात जायचं तर केवढी रांग! रग्बीत ती रांग अजून आखूड आहे. इंटरनॅशनल हे तुझ्या स्वप्नाचं जवळचं टोक आहे, प्रोफेशनल हे लांबचं. तू धावते आहेस ती लांबच्या टोकाकडं, तेही शिक्षण सोडून.

शिक्षण थांबवून नेमकं काय मिळेल, हा हिशेब तू पत्रात केलेला नाहीस. रिकामा वेळ मिळेल, खरं. पण शरीर दिवसाला दोन सत्रांपेक्षा जास्त सोसत नाही, बाकीचा दिवस झोप, जेवण आणि मोबाईल. त्यातले काही तास वर्गात गेले तर रग्बीचं काय बिघडतं? उलट कॉलेज सोडलंस की विद्यापीठाच्या संघाचं दार बंद. २०२० मध्ये भुवनेश्वरला खेलो इंडियाच्या पहिल्या विद्यापीठ स्पर्धा झाल्या, त्यात रग्बी होता. निवड करणारे लोक अशाच ठिकाणी बसलेले असतात. बी.ए. पूर्ण कर. कॅम्प आला तर परीक्षेच्या तारखांचं आधीच कॉलेजशी बोल, लेखी अर्ज दे, पोचपावती घे.

त्या गृहस्थांना एक रुपयाही देऊ नकोस. यावर मी फार लिहिणार नाही. खरा व्यावसायिक क्लब खेळाडूला पैसे देतो, तिच्याकडून घेत नाही. आणि क्लब मिळाला म्हणजे सुटलो, असंही नसतं. इंग्लंडच्या पुरुषांच्या वरच्या लीगमधले वूस्टर, वास्प्स आणि लंडन आयरिश हे तीन क्लब २०२२-२३ च्या एकाच हंगामात आर्थिकदृष्ट्या कोसळले. वास्प्स तर दीडशे वर्षांहून जुना. वूस्टर आणि वास्प्सचे खेळाडू तर हंगामाच्या मधेच बेकार झाले. आपल्याकडं गिरण्या बंद पडल्या तेव्हा काय झालं ते तुझ्या आजोबांच्या पिढीनं बघितलं आहे. पगाराच्या बाबतीत क्लब आणि गिरणी यांत फारसा फरक नाही.

आता बाबांची बाजू. त्यांचं म्हणणं तू "स्वप्नाच्या आड येणारं" म्हणून लिहिलं आहेस. मला ते तसं दिसत नाही. पोलीस शिपाई भरतीत मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची: ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक. लेखी १०० गुणांची. सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणींचा रग्बी खेळणारी मुलगी सात-सात मिनिटांचे दोन हाफ फुल्ल पळते, म्हणजे मैदानी चाचणीची निम्मी तयारी तू रोज करतेच आहेस. गोळाफेक तेवढी वेगळी शिकावी लागेल. लेखीसाठी बसावं लागेल, ते तुला आवडत नाही हे पत्राच्या अक्षरावरून दिसतंच (रागावू नकोस). शिवाय सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. रग्बीच्या कुठल्या स्पर्धेचं, कितव्या क्रमांकाचं सर्टिफिकेट कुठल्या पदाला चालतं, ते ऐकीव माहितीवर ठेवू नकोस. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन आत्ताचा शासन निर्णय मागून वाच, त्याची झेरॉक्स घे. राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं निघाल्यापासून पडताळणी बारकाईनं होते, तिला वेळ लागतो.

इथं माझं एक जुनं दुखणं सांगू? मी खो-खो खेळायचे. विभागापर्यंत गेले होते. नोकरीच्या अर्जाला सर्टिफिकेट लागलं, तेव्हा ते शाळेच्या कपाटात, कपाटाची किल्ली एका बाईंकडं, आणि बाई बदलून गेलेल्या. शेवटची तारीख गेली. कुठली शाळा ते सांगत नाही, पण आजही त्या रस्त्यानं जाताना मी मान वळवते. म्हणून सांगते, प्रत्येक स्पर्धेचं मूळ सर्टिफिकेट, संघाची यादी, स्कोअरशीट, सगळं स्वतःच्या फाईलमध्ये. सर कितीही चांगले असोत.

बाबांच्या म्हणण्यातही एक गृहीत आहे, ते त्यांना सांगायला हवं: भरती म्हणजे नक्की नोकरी नव्हे. दोन-तीन भरत्या हुकलेली मुलं आपल्या ओळखीत आहेतच. त्यामुळं नुसती भरती, बाकी सगळं बंद, हाही जुगारच. तुझा जुगार आणि त्यांचा जुगार, दोन्ही एकेकाच पत्त्यावर सगळं लावलेले. मग दोन पत्ते हातात ठेवायला काय हरकत आहे? वाहबिझ भरुचा पुण्याची. भारताच्या महिला रग्बी संघाची कर्णधार होती आणि व्यवसायानं फिजिओथेरपिस्ट. रुग्णही बघितले, देशही खेळली. एवढ्या जवळ उदाहरण असताना आपण लंडनकडं कशाला बघायचं?

वजन ५२ किलोच आहे, ही तू लिहिलेली चिंता मात्र सोड. सेव्हन्समध्ये वेग चालतो. पंधरा जणांच्या खेळातही दक्षिण आफ्रिकेचा चेस्लिन कोल्बे पाच फूट सात इंचांचा, समोर सहा फुटी धिप्पाड, आणि त्याच्याकडं दोन विश्वचषक आहेत. कबड्डीतून आल्याचा संकोचही नको. न्यूझीलंडची पोर्शिया वुडमन आधी नेटबॉल खेळायची, मग रग्बीतल्या जगातल्या सर्वोत्तम विंगरपैकी (कडेनं पळणाऱ्या खेळाडूंपैकी) एक झाली. आत्याला सांग, नाक मोडलं तर बसवता येतं. दातांसाठी मात्र माउथगार्ड घे, दातांच्या डॉक्टरांकडून मापाचा करून.

घरी बोलायचं कसं, हे तू विचारलंस. "माझं स्वप्न" या शब्दानं सुरुवात करू नकोस. मागावर उभं राहून बारा तास काढलेल्या माणसाला तो शब्द थोडा टोचतो, स्वतःचं कुठलं तरी राहून गेलेलं असतं. त्याऐवजी वहीत पुढच्या दोन वर्षांचे महिने मांड: परीक्षा कधी, राज्य निवड कधी, भरतीची लेखी तयारी रोज किती वाजता, खर्च किती, त्यातला तू किती उचलणार. लहान मुलींना शनिवार-रविवार शिकवून थोडे पैसे मिळतात का, ते सरांना विचार. दोन वर्षांनी, बावीस पूर्ण झाल्यावर, सगळे मिळून पुन्हा बसू, हेही लिही. तोवर भारताच्या कॅम्पला एकदाही बोलावणं आलं नाही तर काय, याचं उत्तर तुझ्या हातानं त्या वहीत असू दे. आत्ता ते लिहिताना हात थरथरेल. तरी लिही.

आणि बाबांना एका सुट्टीच्या सकाळी मैदानावर घेऊन जा. त्यांनी रग्बी कधी बघितलाच नसेल, तर ते कशाला हो म्हणतील? फक्त एक नियम आधी सांगून ठेव: पुढं पळायचं, पण हातानं चेंडू द्यायचा तो मागंच. पाच मिनिटं वैतागतील, मग स्वतःच "अरे, मागं दे मागं!" म्हणून ओरडू लागतील. माझ्या वडिलांना खो-खो कळायला एक सामना पुरला होता.

पण त्या सकाळी तू बाहेर बसलेली असशील, डॉक्टरांनी हो म्हणेपर्यंत. मैत्रिणी खेळतील, तू शेजारी बसून बाबांना समजावून सांग. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव, आणि या वेळी ता.क.मध्ये नको, पत्राच्या पहिल्या ओळीत लिही.

तुझी,
ताई